थांबाताईंची खिडकी

आमच्या वन्संना घर सोडून सगळीकडे थांबाताई म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण घरात कुणाला काही नाव पडलं की संशय माझ्यावरच येतो. हे नाव दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ठेवलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय चौपन्न, लग्न केलं नाही, चष्मा दोरीला अडकवून गळ्यात. आम्ही दोघी एकाच दुकानात कामाला आहोत. पुढच्या भागात मी, म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्टचे फोटो. मागच्या भागात काचेची खिडकी आणि काचेपलीकडे वन्सं. त्यांचं काम परदेशी पैसे पाठवण्याचं. मधलं प्लायवूडचं पार्टिशन जेमतेम कमरेइतकं, त्यामुळे त्यांचं सगळं मला दिसतं आणि ऐकूही येतं.

थांबणं हा त्यांचा जन्मजात स्वभाव. चहा समोर आला की तो पार थंड होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसतील. रस्ता ओलांडायचा तर हिरवा दिवा लागल्यावरही एक अख्खा हिरवा जाऊ देतील, म्हणे पुढच्याला जाऊ. माझं स्थळ आलं तेव्हा घरात सगळ्यांनी होकार दिला, ह्यांनीही दिला, आणि वन्सं म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. जरा थांबू." ते 'जरा' आठ महिन्यांचं झालं. तेवढ्यात मला दुसरी दोन स्थळं येऊन गेली, आणि त्यातल्या एकाचं आज तीन मजली घर आहे. हे मी त्यांना वर्षातून एकदा तरी ऐकवते. त्या चष्मा पुसत म्हणतात, "सुटला बिचारा."

आता त्यांचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात बाहेरदेशांतून आलेले कामगार पुष्कळ. सगळ्यांना घरी पैसे पाठवायचे असतात. बँकेनं पाठवले तर चार-पाच दिवस लागतात आणि मधल्या मधे बरेच कापले जातात. म्हणून आमच्याकडे क्रिप्टो. गिऱ्हाईक रोख देतं, वन्सं तेवढ्या किमतीचं डिजिटल नाणं दुकानाच्या पाकिटातून, म्हणजे फोनमधल्या ॲपमधून, तिकडे पाठवतात, आणि तिकडची माणसं ते एजंटाला देऊन रोख घेतात. ज्याच्या त्याच्या पाकिटाला पत्ता असतो. गल्ली, घर नंबर असला पत्ता नाही. बेचाळीस अक्षरं आणि आकडे, एकापुढे एक, कशाचा कशाला मेळ नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं की प्रिंटर बिघडला.

पहिली नऊ वर्षं आम्ही जे नेटवर्क वापरायचो ते संथ होतं. पाठवलेलं नाणं अर्धा तास, कधी चाळीस मिनिटं, नुसतं रांगेत उभं असायचं. मग नेटवर्क त्याच्यावर पक्का शिक्का मारायचं. पण तिकडच्या माणसाच्या फोनवर मिनिटाभरात 'येत आहे' असं दिसायला लागायचं. वन्संची सगळी पद्धत ह्या मधल्या वेळावर उभी होती. त्या आधी पाठवायच्या, मग गिऱ्हाइकाला खिडकीसमोरच्या बाकावर बसवायच्या, घरी फोन लावायला सांगायच्या आणि विचारायच्या, "दिसतंय का येताना?"

दिसत असेल तर प्रश्न मिटला. दिसत नसेल तर पत्ता चुकला. मग शिक्का पडायच्या आत तेच नाणं जास्त शुल्क भरून आपल्याच पत्त्यावर परत पाठवायचं. नेटवर्क जास्त शुल्कवालं आधी उचलतं आणि पहिलं आपोआप बाद होतं. ॲपमध्ये त्यासाठी खाली उजव्या कोपऱ्यात एक बटण होतं, 'वळवा' नावाचं. वन्संचा अंगठा न बघता त्याच्यावर जायचा.

आणि नुसते चुकलेले पत्तेच नव्हे. बाकावर बसून बसून माणूस बोलायला लागतो. एकदा एक निवृत्त बँडमास्तर आले. शर्टाला इस्त्री कडक, मिशी रंगवलेली. मोठी रक्कम पाठवायची होती. वन्संनी पाठवली, आणि "थांबा जरा," म्हणून बसवलं. दहाव्या मिनिटाला मास्तरांनी पाणी मागितलं. विसाव्या मिनिटाला कळलं की पैसे एका डॉक्टरीणबाईंना चाललेत. पंचविसाव्या मिनिटाला कळलं की त्या लग्नाला तयार आहेत. वन्संनी विचारलं, "त्यांना भेटलात कधी?" मास्तर म्हणाले, "फोटो आहे की." वन्संनी तिथल्या तिथं पैसे वळवले. मास्तरांनी दुकान डोक्यावर घेतलं, मालकांना फोन केला, आम्हाला म्हाताऱ्या माणसाच्या सुखावर टपलेल्या बायका असंही काही म्हणाले. दोन महिन्यांनी आले ते मिशी न रंगवता. माझ्याकडून ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स काढून घेतल्या, ज्यांची त्यांना गरज नव्हती हे मला दिसत होतं, आणि खिडकीकडे हात जोडून गेले.

मग मालकांनी नेटवर्क बदललं.

मालक वाईट माणूस नाही. त्यांना नव्याची हौस आहे. एक दिवस आले ते उड्या मारतच. "ताई, आता पापणी लवायच्या आत! पाठवलं की पोचलं. शुल्क जवळजवळ नाहीच. रांग संपली!" त्यांनी आम्हाला करून दाखवलं. ह्या फोनवर बटण दाबलं आणि त्या फोनवर टिंग वाजलं. खरंच, मधे श्वास घ्यायलासुद्धा वेळ नव्हता. मला तर गंमतच वाटली.

वन्संनी विचारलं, "वळवायचं बटण कुठाय?"

"ते नाही. लागणारच नाही ना! वळवणार कधी? मधे वेळच नाही."

"अहो, पण चूक झालेली कळायला वेळ लागतो. ती कधी कळायची?"

मालक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. बाक दुसऱ्याच दिवशी बाहेर गेला आणि त्या जागी थंड पेयांचा फ्रीज आला. गिऱ्हाइकं खूश होती. डबा खायच्या सुट्टीत येऊन पैसे पाठवून परत कामावर जाता यायचं. एका ट्रकवाल्याची बायको तिकडे बाळंतपणात अडली होती, पैसे त्या सेकंदाला पोचले आणि दोघंही वाचली, आई आणि मूल. हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा नवं ते वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही.

वन्संनी आपली पद्धत बदलली, म्हणजे त्यांना जमेल तेवढी. आता त्या पाठवायच्या आधी पत्त्याची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं फोनवर वाचून दाखवायच्या. आणि रक्कम मोठी असेल तर आधी चिमूटभर पाठवायच्या, ती पोचली असं तिकडून ऐकलं की मग मोठी. सव्वा वर्ष सगळं नीट चाललं.

लिफ्टवाले भाऊ आमचे जुने गिऱ्हाईक. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. कमरेला हत्यारांची पिशवी, खिशात नेहमी एक टेस्टर, आणि बोलणं हळू, लिफ्टच्या खड्ड्यात राहून आवाजाची सवयच गेली असावी. बायको आणि मुलगी त्यांच्या देशात. ते इथं आले तेव्हा मुलगी बारा वर्षांची होती. आल्या वर्षीच त्यांनी दोघींना इथं आणण्यासाठी कुटुंबाच्या परवान्याचा अर्ज टाकला होता. मग नंबर. मग वाट. दर महिन्याला पैसे पाठवायला आले की माझ्याकडे अर्जाची पावती दाखवायचे आणि विचारायचे की ही फिकट झाली आहे, हिची झेरॉक्स चालेल ना? त्या पावतीच्या मी निदान दहा झेरॉक्स काढल्या असतील.

साडेपाच वर्षांनी नंबर लागला. पत्र आलं की दोन दिवसांत, दुपारी चारच्या आत, तिकडच्या कचेरीत परवान्याचं शुल्क आणि अनामत भरा. नाही भरलं तर नंबर गेला, पुन्हा अर्ज, पुन्हा शेवटून. आणि मुलगी सात आठवड्यांनी अठरा पूर्ण करणार होती. अठरा झाली की तिला बापाच्या कागदावर धरत नाहीत. तिनं मग स्वतःच्या जिवावर यायचं, म्हणजे यायचं नाही.

पत्राचा पहिला दिवस पैसे गोळा करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला भाऊ आमच्या दुकानात हजर, तिकडचं आणि आमचं घड्याळ एकच. बायको आणि मुलगी तिकडे कचेरीसमोरच्याच एजंटाच्या दुकानात बसलेल्या, फोन चालू. पैसे पोचले की रोख घ्यायची, रस्ता ओलांडायचा आणि भरायचे.

"आधी चिमूटभर पाठवते," वन्सं म्हणाल्या. रक्कम एवढी मोठी होती की त्यांनी भाऊंच्या चिठ्ठीवरून पत्ता एकेक अक्षर बघत टाइप केला. बेचाळीसच्या बेचाळीस. बटण दाबलं. फोनमधून भाऊंची बायको म्हणाली, "आले ताई."

"छान. आता बसा पाच मिनिटं."

आता पाच मिनिटं कशासाठी? कशासाठीच नाही. मोठी रक्कम लागोपाठ पाठवू नये, मधे थोडं थांबावं, एवढंच. नऊ वर्षं त्या थांबल्या होत्या, त्यांना हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही. बाक नव्हताच, म्हणून भाऊ माझ्या स्टुलावर बसले. त्यांनी मला मुलीचा फोटो दाखवला, परवान्यासाठीचा. मागं पांढरा पडदा, दोन्ही कान दिसताहेत. मी धंद्याच्या सवयीनं म्हटलं, "फोटो पास होईल." भाऊंना इतका आनंद झाला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

पाच मिनिटांनी वन्संनी फोन उचलला. पत्ता पुन्हा टाइप करायला नको, चूक नको व्हायला, म्हणून त्यांनी ॲपमधली व्यवहारांची यादी उघडली. मघाशी चिमूटभर जिथं पोचलं तोच पत्ता उचलायचा, ह्याच्याहून पक्कं काय असणार? सर्वांत वरची ओळ उचलली. पहिली चार अक्षरं वाचली, शेवटची चार वाचली. फोनमधून उत्तर आलं, "हो ताई, बरोबर." वन्संनी बटण दाबलं. हिरवी खूण आली, खाली 'पूर्ण'.

"दिसतंय का?"

"नाही ताई."

"बघा परत."

"नाही. मघाचेच आहेत तेवढे."

"ॲप बंद करून उघडा."

मी झेरॉक्स मशीन बंद केलं. मागं रांगेत दोघं होते, तेही पुढं सरकले. मला वन्संचा अंगठा दिसला. तो खाली उजव्या कोपऱ्यात गेला. नव्या ॲपमध्ये तिथं 'पावती पाठवा' असं बटण आहे. ते दाबलं गेलं आणि फोननं आनंदानं विचारलं की पावती कुणाकुणाला पाठवू.

मग त्यांनी चष्मा लावला आणि पत्ता मधून वाचला. पाचव्या अक्षरापासून तो वेगळा होता.

नंतर आम्हाला कळलं ते असं. असं नेटवर्क कुणालाही बघता येतं, कोण कुठं पाठवतंय ते सगळं उघड्यावर. चोरांनी यंत्रं बसवून ठेवलेली असतात. कुणी कुठं पाठवलं की ते त्या पत्त्यासारखाच पत्ता पुढं करतात, पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं हुबेहूब तीच, मधली वेगळी. आणि त्या पत्त्यावरून आपल्याला शून्याच्या आसपासची काहीतरी रक्कम पाठवून देतात. पैशासाठी नाही, आपल्या यादीत ती ओळ वर यावी म्हणून. पाठवायला काही खर्च नाही आणि वेळ तर नाहीच. यादीत वेळा छापलेल्या होत्या. आमची चिमूट गेल्यानंतर चोराची ओळ चाळीस सेकंदांनी आली होती.

चाळीस सेकंद. वन्सं थांबल्या नसत्या तर वरची ओळ आमचीच असती. ह्या गोष्टीचा मला इतका राग आहे की तो कुणावर काढावा हेच कळत नाही. आयुष्यभर ज्यानं लोकांना वाचवलं तेच घात करतं, हे कुठलं शहाणपण? आणि समजा त्या घाईच्या असत्या तर त्या मास्तरांचे पैसे कधीच गेले असते. म्हणजे कसंही वागलं तरी कुणीतरी बुडणारच होतं.

भाऊ खिडकीशी आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, वळवा ना. तुम्ही वळवता ना. माझेच एकदा वळवले होते."

"आता वळत नाही, भाऊ."

"पण आत्ताच तर गेले. एक मिनिटसुद्धा झालं नाही."

वन्संनी मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, "ताई, ते परत येत नाही हो. शिक्का लगेच पडतो, म्हणून तर ते जलद आहे." मग नेटवर्कच्या मदतकेंद्राला लिहिलं. नेटवर्कला ना कचेरी, ना साहेब, नुसती चौकट, ज्यात आपण लिहायचं. लगेच उत्तर आलं, त्यांचं सगळंच लगेच. 'आपला व्यवहार यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे. आणखी काही मदत हवी आहे का?'

मी पळत पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, कोणती बँक? मी म्हटलं, बँक नाही. मग कोणती कंपनी? कंपनी नाही. मग आम्ही पत्र लिहायचं कुणाला? हे मला तरी कुठं माहीत होतं. शेवटी ते म्हणाले की अर्ज द्या, तीन प्रतींत. मी दुकानात येऊन माझ्याच मशीनवर तीन प्रती काढल्या. आजपर्यंत हजारो अर्जांच्या झेरॉक्स काढल्या, इतका बिनकामाचा अर्ज पहिलाच.

पावणेतीन वाजले होते. वन्सं म्हणाल्या, "चोराचं राहू दे. चारच्या आत पुन्हा भरू." दुकानाचं पाकीट रिकामं झालं होतं, ते भरून देणाऱ्यानं भाऊंची रोख तेव्हाच नेली होती, आणि नवं नाणं रोख मोजल्याशिवाय मिळत नव्हतं. वन्संची बँकेत ठेव होती, म्हातारपणाची. त्या बँकेत गेल्या. इथं पापणी लवायच्या आत सगळं जातं आणि तिथं मॅनेजर म्हणाले, "मोडून देतो ना ताई, पैसे उद्या सकाळी खात्यात." मी एटीएमवर गेले. एका दिवसात किती काढता येतात ते मला त्या दिवशी कळलं. ह्यांना फोन केला, ह्यांनी त्यांच्या मित्राला केला. मालकांनी गल्ला रिकामा करून दिला, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. रांगेतल्या दोघांपैकी एकानं, ज्याला आम्ही नावानं ओळखतही नाही, घरी पाठवायला आणलेले पैसे खिडकीतून आत सरकवले आणि म्हणाला, माझे पुढच्या आठवड्यात पाठवा.

साडेतीनला निम्मे जमले. वन्संनी चिठ्ठीवरून पत्ता पुन्हा टाइप केला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. पाठवले. पोचले, अर्थातच लगेच. बायको रोख घेऊन कचेरीत गेली आणि फोन चालूच ठेवला. आम्हाला तिकडचा गलबला ऐकू येत होता, खुर्च्या सरकवल्याचा आवाज, कुणाचं तरी नाव पुकारलेलं. ती खिडकीवर विनवण्या करत होती. तिथला माणूस काही वाईट नव्हता, त्यानं तिला पाणी दिलं. पण निम्मे त्याला घेता येत नव्हते. "मशीनच घेत नाही बाई," असं तो दोनदा म्हणाला.

चारला पाच कमी असताना भाऊ जमिनीवर बसले. स्टूल रिकामं होतं तरी जमिनीवर. वन्सं खिडकीतून बाहेर आल्या, त्यांच्याजवळ बसल्या. आम्ही तिघं फोनकडे बघत होतो आणि आमच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. मग बायको म्हणाली, "बंद झालं." मागून मुलीचा आवाज आला, ती आईला काहीतरी सांगत होती, बहुतेक रडू नकोस असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवीचे पैसे खात्यात आले. वन्सं ते सगळे काढून भाऊंच्या खोलीवर घेऊन गेल्या, मला बरोबर नेलं. एका खोलीत चौघं राहायचे. भाऊंच्या खाटेखाली नवी कोरी सूटकेस होती, कंपनीची चिठ्ठी लावलेली. दोघींचं सामान कमी पडू नये म्हणून घेऊन ठेवली होती. वन्संनी पैशांचं पाकीट पुढं केलं. भाऊंनी ते उघडून पाहिलं. "ताई," ते म्हणाले, "आज ह्याचं काय करू?"

पैसे घेतले त्यांनी. का नाही घेणार? पण ते ज्या कामाचे होते ते काम आदल्या दिवशी चारला संपलं होतं.

नंतर अर्जविनंत्या झाल्या. मी लिहून दिल्या, लॅमिनेट करून दिल्या. कचेरीचं उत्तर आलं की नव्यानं अर्ज करा, अंदाजे अडीच वर्षं. पत्नीला घेता येईल, मुलीला नाही. बायको म्हणाली, मी मुलीला टाकून येणार नाही. ती दुसरं काय म्हणणार होती?

वन्सं खिडकीवर बसतच राहिल्या. मला वाटलं होतं की काम सोडतील. सोडून काय करणार, ठेव तर गेली. पण एक नवंच खूळ लागलं. चोराचा पत्ता त्यांनी कागदावर लिहून काचेला आतून चिकटवला, आणि रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तो पत्ता नेटवर्कवर उघडायच्या. पैसे तिथंच होते. सगळ्या जगाला दिसत होते. "हे बघ," मला म्हणायच्या, "आहेत इथंच. हात लावता येत नाही एवढंच." मी म्हणायचे, नका बघू. त्या म्हणायच्या, "कुणीतरी लक्ष ठेवायला नको?" सहा आठवडे त्यांनी लक्ष ठेवलं. एका गुरुवारी अकराच्या सुमाराला त्यांच्या डोळ्यांदेखत ती रक्कम अकरा तुकड्यांत अकरा पत्त्यांवर गेली. एका सेकंदात. वन्संनी मला हाकही मारली नाही. मी बघितलं तेव्हा त्या काचेवरचा कागद नखानं खरवडत होत्या आणि तो निघत नव्हता. मी पाण्याचं फडकं दिलं. त्या दिवशी मला त्यांची फार दया आली आणि ती लपवायला मी पुन्हा तीन मजली घराचा विषय काढला. त्या फडक्यानं काच पुसत राहिल्या.

त्यानंतर आठवड्याभरानं भाऊ आले. नेहमीची तारीख नव्हती. त्यांनी खिडकीतून एक नवी चिठ्ठी आत दिली.

"ताई, आजपासून ह्या पत्त्यावर पाठवा. तिचा स्वतःचा आहे."

"कुणाचा?"

"मुलीचा. अठराच्या आत ॲपवाले खातं उघडू देत नाहीत ना. परवा झाली अठरा पूर्ण. आता उघडता आलं."

वन्संनी चिठ्ठी हातात घेतली आणि चष्मा लावला. मागं रांगेत चौघं होते. मग त्या म्हणाल्या, "फोन लावा तिला."

मुलगी फोनवर आली. वन्संनी पत्ता वाचायला घेतला, पहिली चार नाही, शेवटची चार नाही, सगळा. एक अक्षर ह्यांनी वाचायचं, तेच तिनं म्हणायचं. तिसाव्या अक्षराला मुलगी अडखळली. वन्संनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रांगेतलं कुणीही चुळबुळ केली नाही. बेचाळीस झाल्यावर त्यांनी बटण दाबलं.

"आले!" मुलगी म्हणाली. तिच्या स्वतःच्या नावावर आलेले पहिले पैसे ते, आवाजात हसू होतं. "आत्या, दाबायच्या आधीच आले जणू. तुमच्या इथून सगळं इतकं लवकर पोचतं?"

वन्संनी चष्मा काढला, परत घातला.

"पैसे पोचतात गं," त्या म्हणाल्या.

भाऊंनी फोन घेतला, बंद केला, आणि टेस्टर खिशात नीट खोचत ते कामावर गेले.